नाते ते एल्फिन्स्टन : कै. चिंतामणराव देशमुख

थोर पुरुषाचे चरित्र सांगताना त्याने भूषविलेल्या पदांची माळ वाचकांपुढे ठेवावी, असा प्रघात आपल्याकडे पडून गेला आहे. कै. चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख यांच्याविषयी आपल्या ज्ञातीत आजवर जे लेखन झाले त्यातही रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नरपद आणि केंद्रीय अर्थमंत्रिपद यांचाच गौरव अधिक आढळतो. तो यथार्थ आहे यात शंका नाही. परंतु आम्ही पडलो शाळामास्तर. उणीपुरी पस्तीस वर्षे महाड व पोलादपूर तालुक्यांतील शाळांतून खडू-फळा सांभाळल्यामुळे कोणाचेही मोठेपण कानी आले की, हा मुलगा कोणत्या शाळेत शिकला असेल, हाच प्रश्न आमच्या मनात प्रथम उभा राहतो. म्हणून या लेखात चिंतामणरावांचे चरित्र आम्ही त्यांच्या शाळेच्या बाजूने सांगणार आहोत. ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी ते गोड मानून घ्यावे.

महाडहून रायगडाकडे निघालेल्या प्रवाशास वाटेत नाते हे गाव लागते. याच गावी दि. १४ जानेवारी १८९६ रोजी, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास, चिंतामणरावांचा जन्म झाला. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख हे रोह्यास वकिली करीत. मातोश्री भागीरथीबाई धार्मिक वृत्तीच्या होत्या. मुलाचे बालपण रोहे-तळे या परिसरात, कुंडलिकेच्या आसमंतात गेले. जन्मभूमीपासून रायगड जवळ, आणि बालपणाच्या भूमीत भातखाचरे, खाडी व डोंगर. पुढे वनस्पतिशास्त्रात या मुलाने विलायतेस पारितोषिक मिळविले, त्याचे मूळ कदाचित या हिरव्या मुलुखातच रुजले असेल, असे आम्हांस राहून राहून वाटते.

तो काळ आजच्या मुलांना सांगितला तरी खरा वाटत नाही. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई. रायगड हे नाव त्यास १९८१ साली मिळाले. रेल्वे नव्हती. सावित्रीच्या खाडीने बाणकोटहून दासगावापर्यंत जलमार्ग होता आणि मुंबई गाठावयाची तर गलबत अथवा आगबोट यांवाचून सोय नव्हती. गावात मराठी चार इयत्ता झाल्या म्हणजे बहुतेकांचे शिक्षण संपे. ज्यास पुढे शिकावयाचे असेल त्याने इंग्रजी शाळेत नाव घालावयाचे. इंग्रजी पहिलीपासून सातवीपर्यंत चढत जावयाचे, आणि सातवीच्या अखेरीस मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक्युलेशनची परीक्षा द्यावयाची. ही परीक्षा १८५९ साली प्रथम झाली आणि पहिल्याच तुकडीत माधवराव रानडे उत्तीर्ण झाले, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. रत्नागिरीपासून सिंधपर्यंतची मुले त्या एकाच परीक्षेस बसत. तिची प्रश्नपत्रिका इंग्रजीत असे व उत्तरेही इंग्रजीतच लिहावी लागत. इंग्रजी, गणित, इतिहास-भूगोल, शास्त्राची मूलतत्त्वे आणि संस्कृत वा फारसीसारखी एखादी अभिजात भाषा, असा त्या अभ्यासक्रमाचा साधारण आराखडा होता.

वकिलाच्या या मुलास मुंबईस ज्या शाळेत घातले ती शाळा म्हणजे एल्फिन्स्टन हायस्कूल. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या नावाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जी शिक्षणसंस्था मुंबईत उभी राहिली, तिच्यातूनच पुढे १८५६ च्या सुमारास कॉलेज व हायस्कूल अशा दोन शाखा फुटल्या. धोबीतलावाच्या परिसरातील, मैदानासमोरची हायस्कूलची दगडी इमारत आजही मुंबईस जाणाऱ्याचे लक्ष वेधून घेते. ही शाळा सरकारी होती. एखाद्या धर्मपंथाची नव्हे किंवा एखाद्या ज्ञातीचीही नव्हे. तीत पारशी, गुजराथी, मराठी, मुसलमान अशी सर्व मुले एकाच फळ्याकडे तोंड करून बसत. प्रांतातील निवडक शिक्षक तेथे नेमले जात. खेड्यातून आलेल्या मुलास अशा शाळेत पहिले काही दिवस किती बुजल्यासारखे होत असेल, हे आम्ही अनुमानाने सांगू शकतो. पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवरून महाडच्या हायस्कुलात प्रथमच आलेली मुले आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. ती मागल्या बाकावर बसतात, विचारल्यावाचून बोलत नाहीत आणि विचारले तरी निम्मे उत्तर गिळून टाकतात. ज्यास हे बुजणे ओलांडता येते, तो तरतो.

चिंतामणराव नुसते तरले नाहीत. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते साऱ्या मुंबई विद्यापीठात पहिले आले. शिवाय संस्कृतात सर्वांहून अधिक गुण मिळविणाऱ्यास जी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती देण्यात येते, ती त्यांस मिळाली. नाना शंकरशेट यांचे १८६५ साली निधन झाल्यावर त्यांच्या स्मरणार्थ ही शिष्यवृत्ती ठेवण्यात आली. पुढे किती तरी पिढ्यांपर्यंत ती मिळविणे म्हणजे मराठी घरातील मुलाच्या विद्यार्थिजीवनाचे सार्थक, अशी समजूत होती. आमच्या बालपणीही घराघरांतून वडीलधारी मंडळी मुलांना दटावताना चिंतामणरावांच्या पहिल्या नंबराचा दाखला देत असत. त्या दाखल्याने आम्ही पुष्कळदा कंटाळलोही होतो, हे आता या वयात कबूल करावयास हरकत नाही.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. ती आपल्या ज्ञातीच्या गौरवग्रंथांतून सहसा येत नाही. चिंतामणराव मॅट्रिक झाले त्याच्या पाच वर्षे आधी, १९०७ साली, याच एल्फिन्स्टन हायस्कुलातून आणखी एक विद्यार्थी ती परीक्षा उत्तीर्ण झाला होता. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. त्यांचेही घराणे मूळ कोकणातलेच, मंडणगडाजवळच्या आंबडव्याचे. भीमरावांना संस्कृत शिकावयाची मनापासून इच्छा होती. परंतु अस्पृश्य म्हणून ती भाषा त्यांस नाकारण्यात आली आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वतःच्या कष्टाने संस्कृताचा अभ्यास केला, हे जगजाहीर आहे. म्हणजे ज्या विषयाने एकास प्रांतभर कीर्ती दिली, त्याच विषयाचे दार पाच वर्षांपूर्वी दुसऱ्यास बंद होते. शाळा सरकारी, इमारत एक, अभ्यासक्रमही एक. तरीही सर्वांस खुली म्हणविणारी शाळा खरोखर सर्वांस खुली होती काय, या प्रश्नाचे उत्तर त्या काळी मुलाच्या जन्मावर अवलंबून असे. चिंतामणरावांच्या बुद्धीस व परिश्रमास यामुळे तिळमात्र उणेपणा येत नाही. परंतु त्यांच्या यशाचे मोजमाप करताना ही दुसरी बाजू झाकून ठेवणे शिक्षकास शोभणार नाही, असे आमचे मत आहे.

आता पुढील वाटचाल. मुंबईतील महाविद्यालयीन शिक्षणाच्या आरंभीची काही वर्षे संपवून चिंतामणराव १९१५ साली विलायतेस गेले. पहिले महायुद्ध ऐन भरात होते. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व भूगर्भशास्त्र हे विषय घेतले. १९१७ मध्ये पदवी मिळविली आणि वनस्पतिशास्त्रातील फ्रँक स्मार्ट पारितोषिकही पटकावले. संस्कृतात पहिला आलेला विद्यार्थी शास्त्राकडे वळावा, याचे आजच्या पालकांस नवल वाटेल. पण त्या काळच्या शालेय अभ्यासक्रमाचा हाच गुण होता. एका मुलास भाषा व दुसऱ्यास शास्त्र, अशी वाटणी सोळाव्या वर्षापूर्वीच करून टाकण्याची घाई तो करीत नसे. पुढे १९१८ साली आय. सी. एस. ची परीक्षा झाली. ती त्या वेळी फक्त लंडनमध्येच घेतली जाई; हिंदुस्थानात ती १९२२ पासून होऊ लागली. या परीक्षेतही चिंतामणराव सर्व उमेदवारांत पहिले आले. १९२० साली रोझिना विल्कॉक्स या इंग्रज युवतीशी त्यांचा विवाह झाला. त्यांस प्रिमरोझ नावाची एक कन्या झाली.

हिंदुस्थानात परतल्यावर त्यांची नेमणूक मध्यप्रांत-वऱ्हाडात झाली. अमरावती, रायपूर आदी ठिकाणी त्यांनी जिल्ह्याचा कारभार व जमाबंदीचे काम पाहिले. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी ते चिटणीसवर्गात लंडनला गेले होते. त्याच परिषदेत महात्मा गांधी होते आणि डॉ. आंबेडकरही होते. एल्फिन्स्टनचे दोन विद्यार्थी असे निरनिराळ्या भूमिकांत एकाच छताखाली आले. पुढे प्रांताच्या अर्थखात्याचे सचिव म्हणून चिंतामणरावांनी काम केले. १९३९ साली ते रिझर्व्ह बँकेकडे आले, १९४१ अखेर डेप्युटी गव्हर्नर झाले आणि सर जेम्स टेलर यांच्या निधनानंतर दि. ११ ऑगस्ट १९४३ रोजी गव्हर्नर झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले हिंदी गृहस्थ होत. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे जी परिषद भरली, ज्यातून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक या संस्था निघाल्या, तीत हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात ते होते. देशाची फाळणी झाली तेव्हा काही महिने एकाच रिझर्व्ह बँकेने दोन्ही राष्ट्रांचे चलन सांभाळले. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. हे सारे व्यवहार त्यांच्या कारकीर्दीतले. गव्हर्नरपदाच्या या धकाधकीतच, १९४४ साली, त्यांनी कालिदासाच्या मेघदूताचा मराठी पद्यात अनुवाद केला. शाळेत जडलेली आवड अशी जन्मभर साथ करते.

१ जून १९५० रोजी चिंतामणराव केंद्राचे अर्थमंत्री झाले. त्या वेळी डॉ. आंबेडकर कायदामंत्री होते. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा देईपर्यंत, म्हणजे सुमारे सव्वा वर्ष, पंडित नेहरूंच्या मंत्रिमंडळात एल्फिन्स्टन हायस्कूलचे हे दोन विद्यार्थी सहकारी होते. एकास संस्कृत मिळाले होते, दुसऱ्यास मिळाले नव्हते, आणि आता देशाची तिजोरी व देशाचा कायदा त्या दोघांच्या हाती होता! शाळेच्या इतिहासात याहून अधिक बोलके पान आम्हांस ठाऊक नाही.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत चिंतामणराव आपल्या कुलाबा मतदारसंघातूनच लोकसभेवर निवडून आले. १९५५ साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, आणि जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. आज महाड-पोलादपुरातील घरोघरी विम्याची जी पावती असते, तिच्यामागे नात्याच्या या सुपुत्राचा हात आहे. मधल्या काळात, १९४९ साली, रोझिनाबाई निवर्तल्या होत्या. १९५३ मध्ये चिंतामणरावांनी आंध्रातील थोर समाजसेविका दुर्गाबाई यांच्याशी विवाह केला. दोन्ही वेळा त्यांनी ज्ञातीबाहेर विवाह केला, यावरून आपल्या वाडवडिलांत कुरबुर झाली असेल. पण त्यांच्या नावावर अभिमान सांगताना आज त्या कुरबुरीची आठवण कोणासही नाही. काळ हा मोठा शिक्षक आहे.

आणि मग आला १९५६ चा उन्हाळा. मुंबई महाराष्ट्रास न देता केंद्रशासित ठेवण्याचा निर्णय झाला होता. मुंबईत गोळीबार होऊन माणसे मेली होती आणि त्याची न्यायालयीन चौकशी करण्याचे नाकारले गेले होते. चिंतामणराव काही रस्त्यावर उतरणारे पुढारी नव्हते. ते हिशेबी, मितभाषी, फायलीत रमणारे गृहस्थ. परंतु जो निर्णय आपल्या बुद्धीस पटत नाही त्याच्या मंत्रिमंडळात राहावयाचे नाही, एवढे साधे गणित त्यांनी मांडले व अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. लोकसभेत त्यांनी केलेल्या निवेदनाने पंतप्रधानांसही अस्वस्थ केले. १ मे १९६० रोजी संयुक्त महाराष्ट्र झाला, त्याच्या पायात हुतात्म्यांच्या रक्ताबरोबर या राजीनाम्याचाही एक दगड आहे. अमुक नंबर आला यापेक्षा, पटले नाही तेव्हा खुर्ची सोडली, हा धडा आम्ही वर्गात अधिक वेळा सांगत असू.

सत्ता सोडल्यावर ते कोठे गेले? ते पुन्हा शाळेकडे आले, असेच आम्ही म्हणू. १९५६ पासून १९६१ पर्यंत विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्षपद आणि १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी सांभाळले. तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम देशभर रूढ करणे आणि प्राध्यापकांच्या वेतनश्रेणी सुधारणे ही अनुदान मंडळाची त्या काळातील मोठी कामे. १९६२ साली दिल्ली विद्यापीठात पत्रद्वारा शिक्षण देणारी शाखा निघाली. नोकरी करणारा, दूर राहणारा, गरीब असा जो विद्यार्थी वर्गात येऊ शकत नाही त्याच्या घरी विद्यापीठ पोहोचू लागले. १९५९ मध्ये त्यांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दिल्लीचे इंडिया इंटरनॅशनल सेंटर त्यांच्या पुढाकाराने उभे राहिले. १९६९ साली राष्ट्रपतिपदाची निवडणूक ते लढले व हरले. आयुष्यभर पहिला नंबर मिळविणाऱ्या या पुरुषास त्या परीक्षेत तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. १९७५ मध्ये पद्मविभूषण हा किताब देऊन सरकारने त्यांचा सन्मान केला. मे १९८१ मध्ये दुर्गाबाई गेल्या आणि दि. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे चिंतामणरावांचेही निधन झाले.

चरित्र येथे संपते. परंतु लेख येथे संपवावा असे आम्हांस वाटत नाही.

आम्ही स्वतः जुन्या अकरावीपर्यंत, म्हणजे लोक ज्यास मॅट्रिक म्हणत तेवढेच, शिकलो. नोकरीच्या आरंभी पोलादपूर तालुक्यातील एका डोंगरवाडीच्या शाळेत आमची नेमणूक होती. तेथे एक मुलगा होता. त्याचे नाव आम्ही येथे लिहीत नाही. आपल्या ज्ञातीचा तो नव्हता. गणित तोंडी सोडवी, आणि एकदा वाचून दाखविलेली कविता दुसऱ्या दिवशी बिनचूक म्हणे. सातवी झाल्यावर पुढची शाळा आठ मैलांवर होती. त्याच्या वडिलांनी आम्हांस विचारले, गुरुजी, शहरात कोठे सोय होईल काय? आपल्या ज्ञातीच्या विद्यार्थी साहाय्य निधीची आम्हांस माहिती होती. पण तो निधी ज्ञातीतील मुलांपुरताच असल्याने आम्ही मान हलविली आणि पाहतो असे म्हणून वेळ मारून नेली. निधी चालविणाऱ्यांकडे एक शब्द टाकून पाहावा, हेही आम्हांस सुचले नाही. खरे म्हणजे सुचले, पण संकोच वाटला. त्या पावसाळ्यानंतर मुलगा मुंबईस एका उपाहारगृहात कामास लागला. पुष्कळ वर्षांनी तो एस. टी. स्टँडवर भेटला, वाकून नमस्कार केला आणि आमची पिशवी उचलून गाडीत ठेवली. त्याने एका शब्दाने मागची आठवण काढली नाही. ती पिशवी आजही आम्हांस जड वाटते.

एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमरावांस संस्कृत नाकारणाऱ्यास आपण आज दोष देतो. तो निर्दयच असेल असे नाही. बहुधा तोही आमच्यासारखाच, चालत आलेला नियम पाळणारा कोणी मास्तर असेल. नियम पाळून झाला म्हणजे हात झटकता येतात, हाच त्या नियमाचा खरा दोष.

आणि आपल्या ज्ञातीस याहून वेगळी परंपराही आहे, हे विसरून कसे चालेल? दि. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा महाडच्या नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस आणि कार्यकर्ते अनंतराव चित्रे हे त्यांच्या बाजूस उभे होते. दोघेही आपल्याच ज्ञातीचे. स्वजनांचा रोष पत्करून त्यांनी तळे सर्वांचे मानले. तळ्याचे पाणी ज्यांनी सर्वांचे मानले त्यांच्या वारसांनी विद्येचा निधी मात्र आपल्यापुरता ठेवावा, यात काही विसंगती आहे काय, याचा विचार वाचकांनीच करावा.

आमची सूचना लहान आहे. विद्यार्थी साहाय्य निधीचा काही भाग, चौथा हिस्सा म्हणा, महाड व पोलादपूर तालुक्यांतील कोणत्याही गरजू व हुशार मुलामुलींसाठी, जात न विचारता, राखून ठेवावा. आपल्या मुलांचे यामुळे काही कमी होईल अशी भीती काहींना वाटेल. आपल्याही कित्येक घरांत आज ओढाताण आहे, हे आम्ही जाणतो. जुलै २०२१ च्या महापुरात महाडातील किती घरांचा संसार चिखलात गेला, ते आम्ही पाहिले आहे. पण त्या पुरात ज्या हातांनी आपल्या घरातील गाळ उपसला, ते हात कोणत्या ज्ञातीचे होते हे तेव्हा आपण विचारले नव्हते. आमच्या निवृत्तिवेतनातून पहिली वर्गणी आम्ही या लेखाबरोबरच कार्यवाहांकडे पाठवीत आहोत. सभेने सूचना फेटाळली तरी ती रक्कम परत मागणार नाही.

नात्याच्या त्या मुलास घरचा आधार होता, जन्माची अनुकूलता होती, आणि शहरात एक चांगली सार्वजनिक शाळा होती. या तिन्ही गोष्टी जुळल्या तेव्हा देशास चिंतामणराव मिळाले. पहिल्या दोन गोष्टी कोणास मिळाव्यात हे आपल्या हाती नाही. तिसरीचे दार मात्र थोडेफार आपल्याही हातांनी उघडते. रायगडास जाताना नात्यावरून जाल तेव्हा क्षणभर थांबा, आपल्या मुलांना हे गाव दाखवा, आणि त्यांना केवळ पहिल्या नंबराची गोष्ट सांगू नका. फारसी घ्यावी लागलेल्या त्या दुसऱ्या विद्यार्थ्याचीही सांगा.

कै. चिंतामणरावांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.